आतून लावायची कडी

नातू मोबाइल घेऊन येतो आणि माझ्या नाकासमोर धरतो. "आजी, हे बघ. गाडीत बेड, गाडीत किचन, गाडीत बेसिन. लोक राहतं घर विकून यात राहायला जातात." एक गोरी मुलगी खिडकीत कुंडी ठेवून कॉफी पीत असते. नवरा गाडी चालवत असतो. दोघंही सारखी हसत असतात.

"सासू कुठाय?" मी विचारते.

"कोणाची?"

"हिची. मागच्या बाकावर असेल. नीट बघ."

त्याला वाटतं आजीचा वात्रटपणा चाललाय. वात्रट मी आहेच, पण हे मी अगदी गंभीरपणे विचारलेलं असतं. असल्या गाडीतून बेळगावपासून लालबागपर्यंत साडेतीन दिवस मी प्रवास केला आहे, आणि त्यानंतर सहा वर्षं त्या गाडीत काढली आहेत. मला त्या मुलीचं हसू दाखवू नका.

मी मूळची गिरगावची, फणसवाडीतली. माहेरी दोन खोल्या होत्या, म्हणजे आमच्या वाडीच्या हिशोबाने आम्ही संस्थानिक. मॅट्रिक झाले होते, भरतकाम येत होतं, आणि स्वतःबद्दल फार बरं मत होतं. लग्न होऊन आले ती लालबागच्या चाळीत, एका खोलीत नऊ माणसं. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची चार पोरं आणि आम्ही दोघं. हे गिरणीत लॉरी चालवायचे आणि झोपायचे बाहेर गॅलरीत. मी आत, मोरीच्या कडेला, दोन पुतण्यांच्या मध्ये. दोन वर्षं संसार झाला आणि या माणसाशी मी जेवढं बोलले होते त्याहून जास्त कोळणीशी बोलले असेन. कोळीण निदान घासाघीस करायची. हे नुसतं "हं" म्हणायचे.

चाळीतलं दार दिवसभर सताड उघडं. दार लोटलं तरी शेजारीण विचारायची, "काय गो, बरं नाय?" मला बाकी काही नको होतं. खरंच सांगते, दागिने नको, साड्या नकोत. एक दार हवं होतं, त्याला आतून कडी, आणि ती मी लावायची. रात्री आंघोळीचं पातेलं घासताना मी त्या कडीचा विचार करत असे. बाकीच्या मुली नटांचा विचार करायच्या. मी कडीचा.

म्हणून यांनी एकदा गॅलरीतून खुणेने बोलावून सांगितलं की बेळगावच्या कॅम्पात एक म्हातारा पाद्री विलायतेला परत चाललाय आणि त्याची राहायची गाडी विकायची आहे, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला.

"दाराला कडी आहे?"

"गाडीला कडी असणारच ना."

"आतून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना समजलं. असं वाटलं तरी मला. त्या एका नजरेवर मी माझ्या पाटल्या काढून दिल्या. आज कोणी तेवढ्याशा नजरेवर मला चहाचा कपही मागून बघावा.

गाडी चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत लावायची असं ठरलं. गणपतीचे दहा दिवस मंडपासाठी ती हलवायची या अटीवर मंडळाने होकार दिला. सासूबाईंनीही दिला, पण त्यांची वेगळी अट होती. "निजूक थंय, जेवक हंय. चूल एकच." मी मान डोलावली. चुलीचं मला काय! मला कडी मिळत होती.

आता प्रवासाला सासूबाई का आल्या? कारण कोल्हापूर वाटेत होतं, आणि अंबाबाईची ओटी भरायची राहिली होती. मी मनात म्हटलं, जाऊ दे, साडेतीन दिवसांचा प्रश्न आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीचं गणित असंच असतं.

बेळगाव तेव्हा नुकतंच म्हैसूरच्या पदरात टाकलं होतं आणि तिथली माणसं सुतक असल्यासारखी वागत होती. मला त्याचं काही नव्हतं. मी फक्त गाडी बघत होते. लष्करी लॉरीच्या चासीवर लाकडी खोली चढवलेली, बाहेरून हिरवा रंग, तोही पोपडे आलेला. आत दोन्ही बाजूंना दोन बाक, तेच रात्री पलंग. कोपऱ्यात पत्रा ठोकलेल्या कपाटात रॉकेलचा स्टोव्ह. दोन खिडक्या. आणि मागच्या दाराला वीतभर लांबीची पितळी कडी. मी ती तीनदा लावली, तीनदा काढली. पाद्रीबुवा मराठीत म्हणाले, "बाई, ती चांगली आहे. माझ्या पत्नीने रोज लावली." त्यांच्या पत्नीला तिथेच बेळगावात पुरलं होतं. हे मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हाही मी कडीला चिंच लावून घासतच होते. इतकी मी कोडगी.

मी मुंबईहून मण्यांचं तोरण करून नेलं होतं. ते दारावर लावलं. छिटाचे पडदे लावले. सासूबाई उजव्या बाजूच्या बाकावर पाय पसरून बसल्या, पानाचा डबा उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, "तिरडी बरी, ती हलना नाय."

हँडल मारून गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी कोल्हापूर. अंबाबाईची ओटी भरली, मी देवीकडे काय मागितलं ते सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंना डुलकी लागली तेव्हा यांनी गाडी थांबवून मला पुढे केबिनमध्ये बोलावलं. ते एवढे चार-पाच मैल मी कधी विसरले नाही. दोन्ही बाजूंना ऊस. यांनी माझा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि वर आपला ठेवला. "आता दुसरा. आता तिसरा." मी म्हटलं, "मला शिकवाल चालवायला?" हे म्हणाले, "शिकवीन की. पनवेलपर्यंत शिकशील." एवढं लांब वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

इतक्यात मागच्या फळीवर टकटक झालं. पानाच्या डब्याने.

"सून खंय गेली? माका चुनो सापडना नाय."

चुना डब्यातच होता. मी मागे गेले. उरलेल्या प्रवासात, आणि खरं तर पुढच्या पन्नास वर्षांत, तिसऱ्या गिअरच्या वर माझं शिक्षण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी खंबाटकीच्या घाटात गाडी तापली. बॉनेटमधून वाफ. हे डबा घेऊन पाणी शोधायला खाली उतरून गेले. सासूबाई घोरत होत्या. सकाळची वेळ होती, सूर्य समोर, आणि एक गवळण डोक्यावर चरवी घेऊन चाललेली. तिला बघून मला बुद्धी सुचली. लोक म्हणतात दुर्बुद्धी वेगळी असते. मला तर ती अगदी सुबुद्धीसारखीच दिसली.

आम्ही फणसवाडीच्या नव्या जागेत राहायला गेलो तेव्हा माझ्या आईने पहिल्यांदा काय केलं होतं? नव्या शेगडीवर दूध उतू घातलं होतं. घर भरलेलं राहावं म्हणून. आमच्याकडे भाड्याची खोली बदलली तरी दूध उतू घालायचे. बिऱ्हाड बदलणं म्हणजे दूध, मीठ आणि केरसुणी. मी गवळणीकडून शेरभर दूध घेतलं. स्टोव्हला पंप मारला. दारात बोटांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पूर्वेला तोंड करून पातेलं ठेवलं आणि हात जोडून उभी राहिले. दूध वर आलं, काठावर थरथरलं, आणि तिन्ही बाजूंनी स्टोव्हवर सांडलं. मला रडू आलं हो. माझं घर झालं होतं. घाटात, एका चाकाखाली धोंडा लावून उभं असलेलं, पण माझं.

करपलेल्या दुधाच्या वासाने सासूबाई जाग्या झाल्या.

त्या उठून बसल्या. स्टोव्हकडे बघितलं. स्वस्तिकाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ह्या काय केलंस गो?"

"दूध उतू घातलं, आई. शुभ असतं."

"चूल मांडलंस तू." आवाज अजिबात चढला नव्हता, तेच भयंकर होतं. "आमच्यात भाव वेगळे झाले की धाकटी सून नव्या चुलीर दूध उतू घालता. मगे ती सासूच्या चुलीक हात लावना नाय. मरेपर्यंत लावना नाय. तुका कोणी शिकवल्यान? गिरगावात ह्याच शिकवतत?"

मला काही माहीत नव्हतं. मी शपथ घेतली, पाय धरले. माझ्या आईकडे जे घर भरायला करतात ते सासरी घर तोडायला करतात, हे मला लग्नात कोणी सांगायला हवं होतं. मंगलाष्टकं म्हणतात आणि उपयोगाचं काही सांगत नाहीत.

हे पाणी घेऊन आले. सासूबाईंनी सांगितलं. मी सांगितलं. दोघी एकदम सांगत होतो. यांनी सांडलेल्या दुधाकडे पाहिलं आणि मी वाट बघत राहिले की हा माणूस आता म्हणेल, "आई, तिला ठाऊक नव्हतं." चार शब्द. तिसऱ्या गिअरचा हात आठवून मी वाट बघत होते.

"पाणी मिळालं," हे म्हणाले. "निघू या."

मग वाटेत सासूबाईंनी त्या स्टोव्हवरचा चहासुद्धा घेतला नाही. केळी आणि शेंगदाणे खाऊन पुण्याला आल्या. पुण्यात सकाळी चळवळीच्या लोकांनी गाडी अडवली. मुंबईला चाललीय म्हटल्यावर डांबराचा डबा आणला आणि दोन्ही बाजूंना हातभर अक्षरात लिहिलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, मी वाचून दाखवलं.

"वा," त्या म्हणाल्या. "भायर लिवल्यानी एक व्हा, आणि भितर सुनेची चूल वेगळी."

पान लावताना पहिल्यांदाच त्या जरा खुशीत दिसल्या. मी मूर्ख. मला वाटलं, राग उतरला. तो उतरत नव्हता, आकार घेत होता.

बोरघाट, पनवेल, मुंब्रा, ठाणं. शीवला आलो तेव्हा दुपार कलली होती, आणि दादरला मोर्चा लागला. फ्लोरा फाउंटनला माणसं पडली त्याला दोन वर्षं होत आली होती, पण लालबाग-परळात लोक ते काल घडल्यासारखं बोलायचे. आमच्या गाडीवरची अक्षरं बघून लोकांनी एकच गिल्ला केला. दहा-पंधरा जण टपावर चढले. पुढे झेंडे, मागे झेंडे, मध्ये पाद्र्याची हिरवी गाडी. परळच्या नाक्यावर बायका गॅलऱ्यांतून ओरडत होत्या. आणि मी? मी छिटाचा पडदा बाजूला केला, पदर नीट घेतला आणि खिडकीतून हात हलवला. महाराणीसारखा. वर लोक राज्य मागत होते आणि खाली मला वाटत होतं ही माझी वरात आहे. आजही ती मुलगी आठवली की मला तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. मग वाटतं, जाऊ दे, पुढे अर्ध्या तासात मिळणारच होती.

गाडी चाळीमागे लागली. जाऊबाई भाकरतुकडा आणि नारळ घेऊन खाली आल्या. ओवाळून झालं, नारळ फुटला. मी उतरले, यांनी पेट्या काढायला घेतल्या. सासूबाई बाकावरून हलेनात.

"आई, चला ना वर," मी म्हटलं.

"वर खंय? मी हंयच रवतंय."

जाऊबाईंनी नारळाची भकलं हातात धरून विचारलं, "म्हणजे?"

"हिने चूल मांडल्यान, घाटात. दूध उतू घातल्यान. तेव्हा आता दोन घरां झाली." सासूबाई शांतपणे बोलत होत्या, जणू भाजी निवडत होत्या. "मोठ्या झिलाकडे इतकी वर्सां रवलंय. वेगळे झाल्यावर आवस धाकट्याकडे. आमची रीत ती. माजा ट्रंक खाली पाठव."

रीत खरी होती. वाटण्या झाल्या की आई धाकट्याकडे जाते, हे कोकणातल्या कोणालाही विचारा. थोरले दीर गॅलरीतून ऐकत होते, ते "आई, असं काय" म्हणाले, पण जरा हळूच म्हणाले. जाऊबाईंच्या तोंडावर मी जे बघितलं ते मी त्यांना कधी माफ केलं नाही. त्यांच्या तोंडावर दिवाळी होती. ट्रंक खाली यायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी यांच्याकडे पाहिलं. हे बॉनेट उघडून आत वाकले होते. इंजिन बंद होतं आणि त्याला काही झालेलं नव्हतं.

दोन बाक होते. एकावर सासूबाई, समोरच्यावर मी. हे पुढे ड्रायव्हरच्या सीटवर पाय दुमडून झोपायचे, फळीपलीकडे. आणि दिवा मालवायच्या आधी, रोज, न चुकता, सासूबाईंच्या बाकावरून आवाज यायचा, "कडी लाव गो. चोर येतले." मी उठून लावायची. माझी पितळी कडी, आतून. माणसाने देवाकडे मागताना तपशील द्यावा हे मी तेव्हा शिकले. नऊ माणसांच्या खोलीत मला कधी कधी एकटं वाटून घेता यायचं, कोणाचं लक्ष नसे. इथे माझ्याकडे लक्ष द्यायला एक माणूस पूर्णवेळ होता.

मुलगा कसा झाला असं नातवंडं विचारत नाहीत, हे त्यांचं भलं. सासूबाई मंगळवारी गणपतीला जायच्या आणि तिथे रांग असायची. आमचा संसार मंगळवारचा.

मग एकदाचं राज्य झालं. चाळीत गुढ्या, रांगोळ्या, पेढे. हे लॉरी भरून माणसं घेऊन गेले होते. सासूबाई मंडपात जाऊन बसल्या होत्या. वर्षाचा मुलगा बाकावर झोपला होता आणि गाडीत मी एकटी होते, मंगळवार नसताना. मी उठले आणि कडी लावली. कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर घोषणा चालल्या होत्या. मी बाकावर बसून राहिले, काही केलं नाही. एवढंच मला हवं होतं, काही न करणं.

थोड्या वेळाने टकटक झालं.

"उघड गो. पेढे आणलंय."

मी उठले नाही. मनात आकडे म्हणायला लागले. एक, दोन, तीन.

"निजलंस काय? ऊन लागता."

सत्तावीस, अठ्ठावीस. पासष्टला टकटक थांबली. मग अगदी दाराला तोंड लावल्यासारखा आवाज आला. "लाव. लाव थोडो वेळ. माका पण कडी कधी गावली नाय. मी तेवढ्यासाठीच खाली रवलंय."

मी शंभर पुरे केले आणि मगच उघडलं. त्यांच्या हातातले पेढे उन्हाने मऊ झाले होते. आम्ही त्या वाक्याबद्दल पुन्हा बोललो नाही. मला त्यांची दया आली का? आली. राग गेला का? नाही. दोन्ही एकाच बाकावर मावतात, बाक अरुंद असला तरी.

सासूबाई नंतर तीन वर्षं जगल्या. जाऊबाईंच्या खोलीत पुन्हा एकदाही गेल्या नाहीत, आणि मीही त्या चुलीला हात लावला नाही. तेरावं झालं. पाहुणे गेले, मुलगा वर चुलत भावंडांकडे खेळायला गेला. संध्याकाळी हे पुढून उतरून मागच्या दाराने आत आले. मी कडी लावली. आठ वर्षं जिची वाट बघितली ती हीच घटका. हे एका बाकावर बसले, मी दुसऱ्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी विचार केला, आता काय बोलावं? ऊस आठवला. गिअर आठवला. पण कुठून सुरुवात करायची ते सापडेना. त्यांनाही सापडत नव्हतं हे दिसत होतं.

"स्टोव्हला पंप मारतेस का?" हे म्हणाले. "चहा घेऊ."

मी पंप मारला.

पुढच्या वर्षी गिरणीकडून काळाचौकीला खोली मिळाली आणि गाडी भंगारात गेली. भंगारवाला इंजिन बघत होता तेवढ्यात मी स्क्रू-ड्रायव्हरने ती कडी काढून घेतली. हे बघत होते. "कशाला?" असंसुद्धा विचारलं नाही.

ती आता माझ्या खोलीच्या दाराला आहे. मुलाच्या फ्लॅटमधली दारं गुळगुळीत पॉलिशची, त्यावर ती अगदी विद्रूप दिसते. सून म्हणते, "आई, तुम्हाला आत काही झालं तर आम्हाला कळणार कसं?" बिचारी बरोबर बोलते. ती टकटक करते, चहा थंड होतो म्हणते, दोनदा हाक मारते. ही मुलगी चांगली आहे. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही.

तरी मी शंभर मोजते.